एकच मशीन मिळेल

"दोन्ही मशिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवलीत, मॅडम," आमच्या शाखेचे तडवळकर साहेब मला म्हणाले. "डावीकडचं विंडोजचं. उजवीकडचं ते... काय हो, तांबोळी?"

"लिनक्स, साहेब," अन्वर म्हणाला.

"हां. तर डावीकडच्याला पैसे पडतात, उजवीकडच्याला पडत नाहीत. आणि एकच मशीन मिळेल. हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून घोळ नको."

मी हात पुढे करून दोन्ही चाचपली. डावं नवं कोरं होतं. त्याच्या कळा कडक होत्या आणि खोक्यातून नुकत्याच निघालेल्या वस्तूचा वास त्याला येत होता. उजवं आमच्याच शाखेच्या अडगळीतून काढलेलं. कुणाकुणाच्या बोटांनी त्याच्या कळा गुळगुळीत झालेल्या, आणि एक तर निघूनच गेलेली. तिच्या जागी अन्वरनं काहीतरी गोल, चार भोकांचं चिकटवलं होतं.

"शर्टाचं बटण आहे," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "चालतंय झकास."

टेबलापलीकडे बिडवे मॅडम बसल्या होत्या. त्या पुण्याच्या विभागीय कार्यालयातून आल्या होत्या. आमच्या बँकेतल्या अंध कर्मचाऱ्यांना कोणतं मशीन द्यायचं याची शिफारस त्या करणार होत्या आणि तीच पुढे सगळ्या शाखांना लागू व्हायची होती. त्या फारसं बोलत नव्हत्या. अधूनमधून त्यांच्या बांगड्या टेबलाला लागत, तेवढ्यावरून त्या आहेत हे कळायचं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. आता खिशातला फोनसुद्धा मराठीत बोलतो, पण तेव्हा पडद्यावरचं वाचून बोलणारं मशीन म्हणजे अपूर्वाई होती.

मी माणिक भालसिंग. जन्मापासून मला दिसत नाही. पुण्याच्या अंधशाळेत शिकले, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि नगरच्या या शाखेत बोर्डावर बसले. बोर्डावर मी राणी होते. कर्जविभागाला कोण हवंय, मॅनेजरांना कुणाचा फोन द्यायचा नाही, कोणत्या पेन्शनर आजोबांना आधी दोन मिनिटं ऐकून घ्यावं लागतं, सगळं माझ्या कानांत आणि बोटांत होतं. मग प्रत्येक टेबलावर थेट नंबर आले आणि एका दिवाळीत बोर्ड काढून नेला.

मला कुणी काढलं नाही. तसं करता येत नव्हतं. पगार चालू राहिला, खुर्ची राहिली, फक्त काम राहिलं नाही. सकाळी यायचं, सही करायची, पाण्याच्या कूलरशेजारी बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. सुरुवातीला लोक म्हणायचे, "नशीबवान आहात बाई." पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. माझ्या रिकाम्या टेबलावर आधी कुणीतरी हेल्मेट ठेवू लागलं, मग डबे, मग फायली. एके दिवशी आले तर खुर्ची होती आणि टेबल नव्हतं. पेन्शनच्या काउंटरला कमी पडत होतं म्हणून नेलं, असं शिपायानं सांगितलं. त्या दिवशी मी दिवसभर पर्स मांडीवर घेऊन बसले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पगार येतोय ना? लोकांना कामं करूनही येत नाही. गप बस."

मी गप बसले नाही. विभागीय कार्यालयाला अर्ज केला, पुन्हा केला, शेवटी युनियनच्या माणसाला मध्ये घातलं. तेव्हा कुठे उत्तर आलं की योग्य आणि परवडणारं मशीन कोणतं ते तपासून पाहू. आणि तपासून दाखवायला कुणी जाणकार हवा म्हणून मीच अन्वर तांबोळीचं नाव दिलं.

अन्वर अंधशाळेत माझ्या मागच्या वर्गात होता. लहानपणी रेडिओ उघडून पुन्हा जोडायचा आणि दोन स्क्रू उरले की माझ्या हातात आणून द्यायचा. मोठा होऊन तो पुण्यात आमच्यासारख्या मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागला. दाखवण्याच्या आदल्या दिवशी दुपारीच तो आला. शाखेच्या मागच्या खोलीत दोन्ही मशिनं जोडून बसला आणि मला हाक मारली.

"ताई, इथे बस. आधी हे ऐक."

उजवीकडच्या मशीनमधून एक आवाज आला. जरा नाकातला आणि थोडा घाईतला, पण मराठी. स्वच्छ मराठी. इंटरनेटवरच्या त्या दिवशीच्या पेपरमधली एक बारकीशी बातमी तो वाचत होता. सावेडी भागात एक तपकिरी गाय मोकाट सापडली आहे, मालकाने ओळख पटवून घेऊन जावी.

मी हसायला लागले.  आजवर पेपर मला दुसऱ्यांनी वाचून दाखवला होता, आणि दुसऱ्यांना जे महत्त्वाचं वाटेल तेवढाच. हरवलेल्या गाईची बातमी मला कोण वाचून दाखवणार? ब्रेलमध्ये तरी ती कोण छापणार?

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा लावली. मग म्हणाला, "हे आता नीट ऐक." त्यानं टाइप केलं आणि मशीन बोललं, 'तो गावाला जात होता.' मग, 'तुझी जात कोणती?'

दोन्ही 'जात' वेगवेगळे निघाले. जसे आपल्या तोंडून निघतात तसेच.

"या दोन शब्दांत माझा एक अख्खा उन्हाळा गेला," अन्वर म्हणाला. "मशीनला काय कळणार कुठली जात कशी म्हणायची ते? असे हजारो शब्द आहेत, ताई. मी आणि कॉलेजची दोन पोरं, तिघांनी एकेक करून बसवले. आणि फुकट आहे हे. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. जुनं पडीक मशीनसुद्धा चालतं."

"आणि डावीकडचं?"

"ते अमेरिकेहून आलंय. इंग्रजी झकास वाचतं. मराठी एक अक्षर नाही."

"बँकेचा प्रोग्रॅम?"

 "तो वाचतं. तुमचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. लिनक्सवर उघडतच नाही."

खोलीत पंखा कुरकुरत होता. मी विचारलं, "म्हणजे तुझं मशीन घेतलं तर ग्राहकाचं खातं मला बघता येणार नाही."

"सध्या नाही. पुढे येईल."

"कधी?"

"लोक वापरायला लागले की. आधी कुणीतरी सुरुवात केली पाहिजे ना? तुमच्या बँकेनं हे घेतलं तर उद्या बाकीच्या बँका घेतील. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही विचार करावा लागेल."

"आणि तोवर मी काय करू?"

"पत्रं टाइप कर. मेल वाच."

"मला पत्रं कोण देणार आहे रे? अन्वर, मला फोन घ्यायचेत. कुणीतरी विचारावं माझे पैसे जमा झाले का, आणि मी बघून सांगावं. एवढंच मला पाहिजे. दोन्ही एकाच मशीनमध्ये घाल ना."

"विचारलं मी तुमच्या साहेबांना. बँकेच्या मशीनमध्ये बाहेरचं काही घालायचं नाही म्हणाले. बँकेचा प्रोग्रॅम असलेलं मशीन वेगळं, हे वेगळं." मग त्याचा आवाज चढला. "ताई, तुला ठाऊक आहे डावीकडच्याच्या बोलण्याला किती पैसे पडतात? मशीनपेक्षा जास्त. मशीन विकत घ्यायचं आणि ते बोलावं म्हणून वर दुसऱ्या मशीनची किंमत मोजायची. पाथर्डीला माझा एक विद्यार्थी आहे. बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो. तो कुठून आणणार? त्याची डोळस बहीण तोच कॉम्प्युटर तसाच वापरते, तिला वरचे पैसे पडत नाहीत. मग याला का? हे मी मोडायला निघालोय. आणि तू मला विचारतेस तोवर मी काय करू?"

मला राग आला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता हेही कळत होतं. मी म्हणाले, "पाथर्डीच्या पोराचं पटतं मला. पण मी रोज त्या कूलरशेजारी बसते, अन्वर. तू बसून बघ एक दिवस."

 तो वायरी गुंडाळत राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "उद्या मी दोन्ही नीट दाखवीन. कुणाची बाजू घेणार नाही. पुढे त्यांचं ते ठरवतील."

आणि त्यानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी डावीकडचं मशीन आधी दाखवलं. मी टेबलाशी बसले, कानाला फोन लावला. बिडवे मॅडमनी शेजारच्या खोलीतून ग्राहक म्हणून फोन केला, खात्याचा नंबर सांगितला आणि शिल्लक विचारली. मशीनमधली अमेरिकन बाई माझ्या दुसऱ्या कानात भराभरा बोलत होती. तिचे आकडे पकडायला मला क्षणभर लागला, मग लय सापडली. मी शिल्लक सांगितली. शेवटचा चेक वटल्याची तारीख विचारली, तीही सांगितली. कितीतरी दिवसांनी मी म्हणाले, "आणखी काही मदत करू?" आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला.

"छान," बिडवे मॅडम परत येऊन म्हणाल्या. "खर्च?"

अन्वरनं सांगितला. तडवळकर साहेबांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. "अहो, म्हणजे मशीनपेक्षा बोलणंच महाग!"

"हो, साहेब."

"आता दुसरं दाखवा."

अन्वरनं दुसरं दाखवलं. गाईची बातमी वाचली, तसं दाराशी उभे असलेले शिपाईसुद्धा आत आले. कुणीतरी "वा रे वा" म्हणालं. 'जात'चा प्रकार दाखवला, तेव्हा बिडवे मॅडमच्या बांगड्या जोरात वाजल्या. त्या पुढे झुकल्या असाव्यात.

"आणि याला खर्च किती?" साहेबांनी विचारलं.

"याला काही नाही. मशीन तुमचंच आहे."

"मग प्रश्नच मिटला!"

"पण यावर बँकेचा प्रोग्रॅम चालत नाही म्हणालात ना?" बिडवे मॅडम म्हणाल्या. "मग भालसिंग मॅडम यावर काम काय करणार?"

तडवळकर साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांच्या वेळी स्मशानापर्यंत आले होते. ते जे बोलले ते अगदी मायेनं बोलले, आणि म्हणूनच मला ते आजही तसंच्या तसं ऐकू येतं.

"कामाचं काय एवढं, मॅडम? त्या तशाही बसूनच असतात. बिचाऱ्यांचा वेळ जात नाही, हे त्यांचं खरं दुखणं आहे. आता पेपर वाचतील, गोष्टी वाचतील, विरंगुळा होईल. बँकेला भुर्दंड नाही, त्यांचा अर्ज निकाली, वर सगळ्या शाखांना दाखवायला उदाहरण. आणि तांबोळींनी इतकं सुंदर बनवलंय, त्याचंही चीज होईल. काय तांबोळी?"

 अन्वर माझ्या उजव्या हाताशी बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय मॅडम, तुम्हाला आवडलं ना हे?" साहेबांनी मला विचारलं.

मला आवडलं होतं. खूप आवडलं होतं. तेच तर अवघड होतं. मी म्हणाले, "आवडलं, साहेब. पण मला काम..."

"हो हो, ते बघू पुढे," साहेब म्हणाले.

"एकदा पुन्हा वाचून दाखवा," बिडवे मॅडम अन्वरला म्हणाल्या. "मला नोंद करायची आहे."

अन्वरनं कळ दाबली. मशीन बोलू लागलं, "सावेडी भागात एक तपकिरी गाय मोकाट सापडली आहे, मालकाने ओळख..."

टक् असा बारीक आवाज झाला आणि मशीन मुकं झालं.

 मग बिडवे मॅडम म्हणाल्या, "काय झालं? पडद्यावर तर सगळं दिसतंय."

"आवाज गेला," अन्वर म्हणाला.

"येईल ना परत?"

"येईलही. सांगता येत नाही." त्याचा स्वर एकदम कोरडा झाला होता. "हे असं होतं, मॅडम. मध्येच बंद पडतं."

"मघाशी तर छान चाललं होतं," साहेब म्हणाले.

"मघाशी नशीब होतं, साहेब. फुकटच्या वस्तूला वाली कोण? बंद पडलं तर तक्रार करायला कंपनी नाही, यायला माणूस नाही. तुमच्या बँकेला हे भरवशाचं नाही. मी स्वतः सांगतो."

"तुम्हीच बनवलंय ना हे?" बिडवे मॅडमनी विचारलं.

"म्हणूनच सांगतो."

बराच वेळ कागदावर पेन फिरत राहिलं.

माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही दोघं रिक्षानं गेलो. पुण्याच्या गाडीला अवकाश होता. बाकावर बसलो, मध्ये त्याची पिशवी. मी कितीतरी वेळ शब्द जुळवत होते. शेवटी म्हणाले, "स्पीकरची वायर तू काढलीस."

तो दचकला. "तुला ऐकू आलं?"

"तुझ्याशेजारीच बसले होते ना."

"आणि त्या सगळ्यांना?"

"ते पडद्याकडे बघत होते."

तो हसला, पण हसणं धड पुरं झालं नाही. "काल तू म्हणालीस, कूलरशेजारी बसून बघ. मला वाटलं, तू चिडून बोलतेयस. आज तुझ्या साहेबांनी विरंगुळा म्हटलं ना, तेव्हा मला कळलं. ताई, मी हे आपल्या पोरांना कामाला लावायला बनवलं. यांना ते पोरांना गप्प बसवायला हवंय. खुळखुळ्यासारखं."

"तुझी सगळी मेहनत रे."

"मेहनत कुठे जात नाही. शिकवीन मी पोरांना. बँक नाही तर नाही." मग जरा वेळानं त्यानं विचारलं, अगदी लहान पोरासारखं, "पण वाचत छान होतं ना ते?"

"छान वाचत होतं," मी म्हणाले. "कुणी माणूस वाचतोय असं वाटत होतं."

गाडी लागली. मी त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. पायरीवरून तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. नाहीतर तुझं मशीन जाईल."

विंडोजचं मशीन गणपतीच्या आधी आलं. त्याच्याबरोबर टेबलही परत आलं. चौकशीचे फोन माझ्याकडे जोडले गेले. पहिल्या आठवड्यात मी चुका केल्या, मग करेनाशी झाले. पेन्शनर मंडळी माझं नाव विचारून फोन करू लागली. संध्याकाळी घरी जाताना खांदे दुखायचे आणि ते दुखणं मला आवडायचं. आई म्हणाली, "दमलीस गं," तर मी म्हणाले, "हो," आणि दोघी हसलो. अन्वरला फोन केला की तो बाकी सगळं विचारायचा, मराठी मशीनचं काही काढायचा नाही. मीही काढत नव्हते.

मग एका दुपारी बार्शीच्या शाखेतून फोन आला.

"भालसिंग ताई का? मी लिंबाजी घोडके. इथं ऑपरेटर होतो. मलाबी दिसत नाही. तुमचं नाव लई ऐकलंय."

"बोला ना, लिंबाजी."

"आमचा बी बोर्ड काढला की. मी मशीनसाठी अर्ज केलता. साहेब म्हणतात, महागाचं तुला मिळणार नाही, बजेट नाही. आणि फुकटातलं नगरला चालवून बघितलं, ते मधीच बंद पडतंय, भरवशाचं नाही, असं पुण्याहून लिहून आलंय. सगळ्या शाखांना आलंय म्हणं." मग त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही तिथंच हुतात. खरंच बंद पडलं का हो ते?"

माझ्या कानात अमेरिकन बाई कुणाच्या तरी खात्याचा आकडा वाचत होती. मी तिला थांबवलं.

अन्वरनं माझ्यासाठी स्वतःचं काम बुडवलं होतं, ते बुडताना मी मुकाट बसले होते, आणि आम्हा दोघांनाही बार्शीच्या माणसाची आठवण झाली नव्हती. आता तो माझ्या कानाशी होता. हो म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला असता. दुसरं कोण सांगणार होतं त्याला?

"नाही," मी म्हणाले. "ते बंद पडलं नव्हतं. मी बघते काय करायचं ते."

फोन ठेवला आणि तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ते उजवीकडचं मशीन बिघडलं नव्हतं. त्या दिवशी स्पीकरची वायर निघाली होती."

"काय?" तडवळकर साहेब म्हणाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला आवाज आला."

"वायर आपोआप कशी निघेल? कुणी काढली?"

"बघणारे तुम्ही सगळे होतात, साहेब. मी काय सांगू?"

  साहेबांनी ठरवलं असतं तर त्याच मिनिटाला बिडवे मॅडमना फोन लावला असता. अन्वर खोटारडा ठरला असता आणि माझं मशीन परत गेलं असतं.

"तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी हळू विचारलं.

"तेव्हा बोलले असते तर मी आज पेपर वाचत बसले असते. विरंगुळा म्हणून."

 साहेब म्हणाले, "मी तसं म्हणालो होतो का?"

"हो."

"वाईट हेतूनं नव्हतो म्हणालो."

"माहीत आहे मला, साहेब."

ड्रॉवर उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला. "काय लिहू मी पुण्याला?"

"लिहा की मशीन चांगलं आहे. आमच्याकडे वायर सैल राहिली होती. आणि ज्याला ते द्याल त्याला कामही द्या, असं लिहा."

पहिली दोन वाक्यं त्यांनी लिहिली. तिसरं लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. लिहिलं असलं तरी कुणी वाचलं नाही. अन्वरला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि पुढच्याच महिन्यात स्वतःच्या खर्चानं बार्शीला जाऊन लिंबाजीच्या शाखेतलं एक पडीक मशीन बोलतं करून आला.

त्यानंतर लिंबाजीचा फोन आला तो असा, की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"ताई! वाचतंय! समदं वाचतंय! आमच्या बार्शीची बातमी मी माझी मी वाचली. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, भाषणं, कोण कोण आलतं, समदी नावं! बायकोला सांगितलं तर तिचा विश्वासच बसंना."

"काम काय दिलंय, लिंबाजी?"

"काम न्हाई अजून. बघू म्हणालेत साहेब. दिसभर वाचत बसतो." मग त्यानं विचारलं, "तुमचं मशीन काय काय वाचतं, ताई, मराठीतलं?"

"माझं मराठी वाचत नाही. नुसतं इंग्रजी."

"अरारा," तो म्हणाला. त्याला खरोखर माझी कीव आली होती. "एवढं महागाचं आन मराठी न्हाई? थांबा, मी ऐकवतो तुम्हाला. रिसीव्हर धरतो मशीनजवळ. ऐका हं."

खडखड झाली आणि अन्वरच्या मशीनचा तो नाकातला, घाईतला आवाज बार्शीहून माझ्या कानात आला. बाजारभाव होते. ज्वारी, तूर, लिंबं. मी कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात दुसऱ्या लाइनची घंटी वाजली. मी जराशी वाजू दिली. ती थांबेना.

"लिंबाजी," मी म्हणाले, "थांबा हं, मला काम आहे."

शब्द तोंडातून गेले आणि ते काय आहेत ते मला कळलं. तिकडे बाजारभाव मध्येच थांबले.

"करा ताई, करा," लिंबाजी म्हणाला. "माझं काय, मी बसूनच हाय."